संवादाचे शास्त्र: हिल्डगार्ड पेप्लाऊ यांच्या अध्यापनकार्याचा मागोवा

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील मनोरुग्णालयांत परिचारिकेचे काम रुग्णांवर देखरेख ठेवणे, त्यांची स्वच्छता व आहार पाहणे आणि डॉक्टरांच्या सूचना अमलात आणणे एवढ्यापुरतेच मानले जाई. तिने रुग्णाशी काय व कसे बोलावे, हा अभ्यासाचा विषय असू शकतो, असे फारसे कोणाच्या मनात येत नसे. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील संवादाला शास्त्रीय अभ्यासाचे अधिष्ठान मिळवून देणे, हे हिल्डगार्ड पेप्लाऊ (१९०९–१९९९) यांच्या अध्यापकीय कारकिर्दीचे मुख्य सूत्र होय.

पेनसिल्व्हेनियातील रेडिंग येथे जन्मलेल्या पेप्लाऊ यांनी १९३१ मध्ये परिचर्येचे शिक्षण पूर्ण केले आणि १९४३ मध्ये बेनिंग्टन महाविद्यालयातून आंतरवैयक्तिक मानसशास्त्राची पदवी घेतली. व्यक्तिमत्त्वाची घडण व बिघाड हे माणसामाणसांतील संबंधांतूनच समजून घ्यावे लागतात, असे मानणाऱ्या हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील लष्करी मानसोपचार रुग्णालयात केलेल्या सेवेने या विचाराला प्रत्यक्ष अनुभवाची जोड मिळाली. युद्धानंतर, १९४६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायद्याने मनोविकारतज्ज्ञांबरोबरच मनोविकार परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठीही सरकारी निधी उपलब्ध करून दिल्यामुळे, अशा अध्यापनाला विद्यापीठांत जागा निर्माण झाली.

त्यांचा ‘इंटरपर्सनल रिलेशन्स इन नर्सिंग’ हा ग्रंथ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. हस्तलिखित १९४८ मध्येच तयार होते. तथापि डॉक्टर सहलेखक नसताना एका परिचारिकेने असा सैद्धांतिक ग्रंथ लिहावा, ही कल्पना त्या काळी धाडसाची वाटल्याने प्रकाशन लांबले. परिचारिका व रुग्ण यांचे नाते चार टप्प्यांतून विकसित होते, अशी मांडणी या ग्रंथात आहे: अनोळखी माणसे म्हणून भेटून अडचणीचे स्वरूप ठरवण्याचा अभिमुखतेचा टप्पा, मदत कोणाकडून मिळेल हे रुग्णाला उमगून तो प्रतिसाद देऊ लागतो तो तादात्म्याचा टप्पा, मिळणाऱ्या सेवांचा तो स्वतःसाठी पुरेपूर लाभ घेतो तो उपयोजनाचा टप्पा आणि अखेरीस परिचारिकेवरील अवलंबित्व सोडून तो स्वतंत्र होतो तो निराकरणाचा टप्पा.

१९५४ ते १९७४ या काळात रटगर्स विद्यापीठात त्यांनी मनोविकार परिचर्येतील चिकित्सालयीन तज्ज्ञ घडवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा केला. ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’, म्हणजे रुग्णाशी झालेल्या संभाषणाची शक्य तितकी शब्दशः नोंद ठेवून नंतर तिचे वाक्यागणिक परीक्षण करणे, हे या अध्यापनाचे महत्त्वाचे साधन होते. उदाहरणार्थ, जेवणात विष कालवले आहे असे म्हणणाऱ्या रुग्णाला विद्यार्थिनीने “असं काही नाही हो, तुम्ही जेवून घ्या बघू” असे उत्तर दिले, तर या उत्तराने चिंता कोणाची कमी झाली, रुग्णाची की विद्यार्थिनीची स्वतःची, हा प्रश्न अशा परीक्षणात अटळ ठरतो. चिंतेच्या सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयाकुल अशा चार पातळ्या पेप्लाऊ यांनी वर्णिल्या, त्याही या पद्धतीशी जोडलेल्या आहेत. कारण चिंता तीव्र झाली की माणसाचे अवधान आक्रसते, लांबलचक समजावणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि म्हणून परिचारिकेला मोजक्या, सोप्या वाक्यांतच बोलावे लागते.

१९६२ च्या एका लेखात त्यांनी मनोविकार परिचारिकेच्या अनेक भूमिकांची छाननी करून समुपदेशन, म्हणजे रुग्णाला स्वतःच्या अडचणी शब्दांत मांडून समजून घेण्यास साहाय्य करणे, हाच या परिचर्येचा गाभा असल्याचे प्रतिपादन केले. पुढे १९७० ते १९७२ या काळात अमेरिकन नर्सेस असोसिएशनचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

या मांडणीला मर्यादाही आहेत. निवांत, एकास एक संवाद आणि बोलू शकणारा रुग्ण तिने गृहीत धरला आहे, आणि गर्दीच्या कक्षात यांपैकी काहीच हमखास मिळत नाही. शिवाय १९५४ पासून अमेरिकेत क्लोरप्रोमाझिनसारखी औषधे वापरात येऊन पुढील दशकांत रुग्णालयातील मुक्काम आखूड होत गेला, तसा दीर्घ नात्याला अवकाशही कमी राहिला. स्वतः पेप्लाऊ यांनीही पुढे मधले दोन टप्पे एकत्र करून टप्पे तीनच ठेवले. तरीही महाराष्ट्रासह भारतभरातील परिचर्या विद्यार्थ्यांना मनोरुग्णालयातील प्रशिक्षणात प्रोसेस रेकॉर्डिंग आजही लिहावे लागते. टप्प्यांची संख्या बदलली, तरी परिचारिकेने रुग्णाच्या वागण्याइतकेच स्वतःचे शब्दही तपासणीखाली ठेवावेत, हा दंडक टिकून राहिला. पेप्लाऊ यांच्या कार्याचे मूल्यमापन त्यांच्या सिद्धान्ताहून अधिक या अध्यापनपद्धतीवरून करणे म्हणूनच उचित ठरते.