संगणकावर रानपिंगळा रंगवताना

पिंगळ्याचे चित्र काढायला सांगितले की बहुतेक विद्यार्थी गोल डोके, दोन मोठे पिवळे डोळे आणि अंगभर पांढरे ठिपके काढतात. पिंगळा म्हणून ते चित्र चालूनही जाते. पण आपल्या सातपुड्यात पिंगळ्यासारखाच दिसणारा, त्याच्याहून किंचित मोठा असा दुसरा पक्षी राहतो. तो रानपिंगळा. ठिपके कोठे आहेत आणि कोठे नाहीत, यावरून या दोघांतला फरक बऱ्याच अंशी कळतो. आज अनेक शाळांत चित्रे संगणकावर काढली जातात. रानपिंगळ्याचे असे चित्र काढताना संगणक नेमके काय करतो आणि आपल्यावर कोणते काम उरते, ते पाहू.

चित्र म्हणजे अंकांचा तक्ता

पडद्यावरचे चित्र बारीक चौकटींचे बनलेले असते. अशा एका चौकटीला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी संगणक तीन अंक साठवतो: लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती, हे सांगणारे. प्रत्येक अंक सामान्यतः ० ते २५५ यांपैकी असतो. म्हणजे २५६ × २५६ × २५६ = १,६७,७७,२१६ रंगछटा शक्य होतात. १००० × १००० पिक्सेलच्या चित्रात ३० लाख अंक असतात. त्यांतला एकही अंक ‘हे पीस’ किंवा ‘हा डोळा’ असे सांगत नाही.

तपकिरी रंग कोठून येतो?

घुबडांच्या पिसांतला तपकिरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो. पडद्यावर मात्र रंगद्रव्य नसते, फक्त प्रकाश असतो. आणि इंद्रधनुष्यात तपकिरी रंग नाही! मग तो दिसतो कसा? (२५५, १५०, ६०) हे अंक दिले तर नारिंगी रंग दिसतो. तिन्ही अंक निम्मे करून (१२८, ७५, ३०) दिले की तोच रंग तपकिरी भासतो. तपकिरी म्हणजे भोवतालच्या मानाने मंद असलेला नारिंगी. म्हणून पार्श्वभूमी उजळ केली की पक्षी गडद वाटू लागतो, जरी त्याचे अंक बदललेले नसतात.

एकावर एक थर

चित्र काढण्याच्या प्रणालीत पारदर्शक कागदांसारखे थर एकावर एक ठेवता येतात. सर्वांत खाली पार्श्वभूमी, त्यावर शरीराचा आकार, त्यावर पिसांच्या खुणा आणि सर्वांत वर डोळे व चोच, असा क्रम सोयीचा असतो. एक थर बिघडला तर बाकीचे शाबूत राहतात.

रंगाचा हात किती दाट द्यायचा, तेही ठरवता येते. समजा, खालचा रंग (१२०, १००, ८०) आहे आणि त्यावर पांढरा, म्हणजे (२५५, २५५, २५५), २० टक्के दाटपणाने फिरवला. साध्या पद्धतीत संगणक खालच्या रंगाचे ८० टक्के व वरच्याचे २० टक्के घेऊन बेरीज करतो. लाल अंक होतो ९६ + ५१ = १४७. याच रीतीने उरलेले अंक १३१ आणि ११५ येतात. पिसांवरची फिकट झाक अशी तयार होते. सातवीच्या मुलांना शेकडेवारीसाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

ठिपके कोठे द्यायचे?

येथे संगणकाची मदत संपते. एकदा कुंचला ओढला की ठिपक्यांची रांग उमटवण्याची सोय जवळजवळ प्रत्येक प्रणालीत असते. तिच्यामुळे पाहण्याचा कंटाळा करणाऱ्याची चूकही झटपट होते.

पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर स्पष्ट पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचे डोके व पाठ जवळजवळ ठिपक्यांविना, करड्या-तपकिरी रंगाची असते. छाती बरीचशी सलग तपकिरी आणि पोटाचा मधला भाग पांढरा असतो. पंख व शेपटीवर ठळक पांढरे पट्टे असतात. डोके आणि चोच शरीराच्या मानाने मोठी दिसतात, आणि पायांवर दाट पांढरी पिसे असतात.

डोळे मात्र दोघांचेही समोर पाहणारे. घुबडांचे डोळे गोळ्यासारखे नसून नळीसारखे असतात आणि खोबणीत फिरत नाहीत. म्हणून बाजूला पाहणारे घुबड काढायचे, तर बुबुळे कोपऱ्यात सरकवून चालत नाही, सगळे डोकेच वळवावे लागते.

११३ वर्षांचा प्रश्न

हे बारकावे किती मोलाचे आहेत, याचा दाखला रानपिंगळ्याच्याच इतिहासात आहे. १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातील एका नमुन्यावर मात्र १९१४ साल आणि गुजरातेतील मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो बारकाईने तपासला, तेव्हा तो दुसऱ्याने पूर्वीच गोळा केलेला आणि संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला नमुना असल्याचे दिसून आले. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या, खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, तोही भर दिवसा! त्यानंतर मेळघाटासह इतर काही ठिकाणीही तो आढळला. तरीही त्याची संख्या थोडी आहे आणि त्याची जंगले तुटत आहेत. अशा पक्ष्याची नोंद करणाऱ्याने त्याला पिंगळा समजून सोडून दिले, तर ते रान राखण्याचे एक कारणच कागदावरून नाहीसे होते.

वर्गात करण्याजोगे

क्रिता किंवा जिंप ही चित्रप्रणाली मोफत मिळते. दोन्ही पक्ष्यांची छायाचित्रे शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना आधी फरकांची यादी करायला सांगावी. मग पिंगळ्याचे चित्र रंगवून घ्यावे. त्यानंतर कोणते थर बदलले, झाकले किंवा नव्याने काढले तर त्याचा रानपिंगळा होईल, हे विचारावे. ठिपक्यांचा थर झाकला की डोके व पाठ बदलेल. पण छाती, पोट आणि पाय तसेच राहतील. उरलेले फरक विद्यार्थ्यांना स्वतः पाहून शोधावे लागतील.