विमान घरी बांधायचं, पण कोणतं?

फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘मेक इन इंडिया’ सप्ताह भरला, तेव्हा तिथे सहा आसनांचं एक विमान पाहायला गर्दी होत होती. टीएसी-००३ हे त्याचं नाव. कांदिवलीतल्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर ते बांधलं होतं कॅप्टन अमोल यादव यांनी. जेट एअरवेजमधली वैमानिकाची नोकरी सांभाळून, कुटुंबाची पुंजी पणाला लावून. त्याला डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उड्डाणचाचणीचा परवाना ऑक्टोबर २०१९ मध्ये. म्हणजे विमान लोकांसमोर उभं राहिल्यानंतरही कागद पुरे व्हायला साडेतीन वर्षांहून अधिक काळ गेला.

यादवांच्या जिद्दीला तोड नाही. पण ते पाहून लालबाग-परळच्या एखाद्या हुशार फिटरला किंवा माटुंग्याच्या व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेतल्या मुलीला विमान बांधावंसं वाटलं, तर त्यांनी यादवांची वाट धरू नये, असं माझं ठाम मत आहे. यादवांनी स्वतःचा आराखडा काढला आणि तोही सहा जणांच्या विमानाचा. सगळ्यांत अवघड तेच त्यांनी निवडलं. आपल्या बेताचं विमान हवं असेल तर किट घ्यावं, आणि तेही शेकड्यांनी उडालेल्या आराखड्याचं. १९३०च्या दशकात हेन्री मिन्ये या फ्रेंच गृहस्थानं स्वस्तात घरी बांधता येईल असं ‘पू-द्यू-सिएल’ नावाचं चिमुकलं विमान काढलं आणि युरोपभर लोक त्यावर तुटून पडले. मग एकामागून एक अपघात झाले. एका ठराविक स्थितीत पुढचा पंख मागच्या पंखावरची हवा बिघडवी आणि खाली गेलेलं नाक वर येईना. ही खोड कळेपर्यंत माणसं गेली होती. अशा खोडी आधीच सापडून दुरुस्त झालेला आराखडा मिळणं, हा किटमधला खरा माल. पत्रा आणि रिव्हेट त्यानंतर.

किट म्हणजे कारखान्यानं कापून, भोकं पाडून पाठवलेले भाग आणि जोडणीची पुस्तिका. अमेरिकेत बांधकामाचा निम्म्याहून मोठा वाटा हौशी माणसानं स्वतः उचलला, तरच विमानाला ‘घरी बांधलेलं’ म्हणून मान्यता मिळते. ओरेगनच्या व्हॅन्स कंपनीची आरव्ही मालिका या जगात सगळ्यांत लोकप्रिय; तिची अकरा हजारांहून अधिक विमानं उडाली आहेत. ख्रिस हाइन्ट्झ यांच्या झेनिथ विमानांचा भर आखूड धावपट्टीवर. दक्षिण आफ्रिकेच्या स्लिंगचं नाव आपल्याकडे २०२२ मध्ये झालं, कारण मूळ केरळचे इंजिनिअर अशोक आलिसेरिल यांनी लॉकडाऊनच्या काळात इंग्लंडमधल्या आपल्या घरी चार आसनांचं स्लिंग बांधलं आणि कुटुंबाला त्यातून फिरवलं. आपल्या देशातही बंगळुरूच्या राजहंस कंपनीनं एक्स-एअर नावाची हलकी विमानं बनवली आणि त्यांची किटं परदेशांत विकली.

आता निवड कशी करायची? बहुतेक लोक आसनांपासून सुरुवात करतात: दोन आम्ही, दोन मुलं, म्हणजे चार. इथेच बजेट कोलमडतं. वर्षातून एकदा सगळ्यांनी जायचं असतं. उरलेलं वर्ष विमानात एक किंवा दोन माणसं बसतात. त्या उरलेल्या वर्षासाठी विमान घ्यावं. उदाहरणादाखल आरव्ही-१२ घ्या: दोन आसनं, शंभर अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन, कमाल वजन ६०० किलो. रिकामं विमान साडेतीनशे किलोच्या आसपास भरतं. उरलेल्या अडीचशेत दोन माणसांचे १६० किलो, भरलेल्या टाकीचे पन्नास-पंचावन्न, आणि राहिली ती एक-दोन बॅगांची जागा. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कुठल्याही कंपनीला पैसे पाठवू नयेत. ताशी दोनशे किलोमीटरचा वेग धरला, तर बारामती साधारण तासाभरावर, गोवा दोन तासांवर. एवढं पुरत असेल तर चौथं आसन कशाला?

पण मुंबईकराची अडचण आसनांच्या आधीच उभी राहते, ती जागेची. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, आणि आरव्ही-१२ नाकापासून शेपटीपर्यंत सुमारे वीस फूट लांब. पंख आणि शेपटी वेगवेगळी बांधता येतात, म्हणून गच्ची, बंद पडलेला गाळा किंवा भिवंडीकडचं एखादं गोदाम चालतं. मात्र पहिल्या दिवशीच दार, जिना आणि बोळ मोजून घ्यावा. पंख दुमडणारं किटफॉक्स किंवा पंख झटपट काढता येणारं आरव्ही-१२ इथे उपयोगी पडतं, कारण विमान शेवटी ट्रेलरवरूनच उड्डाणाच्या मैदानावर न्यायचं आहे. मैदान जवळ नाही. १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले. आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबचं प्रशिक्षण धुळ्याला गेलं आहे. धुळ्याला जाताना सह्याद्री ओलांडायचा. घाटमाथ्यावर इंजिन थांबलं तर उतरायला सपाट शेत कुठलं? म्हणून मोटारसायकलचं किंवा जुन्या गाडीचं इंजिन बसवून पैसे वाचवण्याचा सल्ला मला पटत नाही. विमानासाठीच बनवलेलं इंजिन घ्यावं. किटची छापील किंमत पाहून हुरळूनही जाऊ नये. इंजिन, पंखा, उपकरणं, रंग, वाहतूक आणि सीमाशुल्क मिळून किटइतकाच किंवा त्याहून जास्त खर्च होतो.

इंधनाचा प्रश्न फार कमी लोक विचारतात. विमानांचं खास पेट्रोल, ॲवगॅस, आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळतं. रोटॅक्स ९१२ मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, म्हणून हौशी मंडळींचं ते लाडकं. पण त्या इंजिनाला इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच मान्य आहे आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं मिश्रण आलं आहे. विमान निवडण्यापूर्वी त्याला कुठलं इंधन, कुठून आणि किती अंतरावरून मिळणार, हे ठरवलं नाही तर महागडं यंत्र झाकून ठेवावं लागेल.

मुंबईची हवाही निवडीत भाग घेते. लाकूड-कापडाची जुनी विमानं बांधायला स्वस्त, पण पावसाळ्यात लाकूड ओल धरतं. फायबरचं विमान गुळगुळीत आणि वेगवान, पण दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर येतो आणि तो धुऊन न काढता पुढचा थर चढवला तर जोड कच्चा राहतो. अ‍ॅल्युमिनियम मला इथे सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. आतून प्रत्येक पत्र्याला प्रायमर लावण्याचा कंटाळा मात्र करायचा नाही. खाऱ्या हवेला तेवढीच फट पुरते. रिव्हेटिंगही शिकता येतं. आरव्ही-१२ आणि झेनिथ बहुतांशी एका बाजूनं खेचायच्या पॉप रिव्हेटवर जुळतात, त्यामुळे आतून लोखंडी ठोकळा टेकवायला दुसरा माणूस लागत नाही. पंखाचा बोल्ट मात्र नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आणायचा नाही. दिसायला तोच, मापानं तोच, पण विमानी बोल्टचा धातू, त्यावरचा मुलामा आणि त्यासोबतचा दाखला वेगळा.

कागदाचं महत्त्व गिरगावकरांना वेगळं सांगायला नको. १८९५ मध्ये चिराबाजारच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवलं, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. पण ते सिद्ध करील असा ठोस समकालीन पुरावा समोर आलेला नाही. त्यांच्या कामाशी जोडल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली विमानं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी मांडला. तळपद्यांनी नेमकं काय बांधलं, हे म्हणूनच कुणालाच दाखवता येत नाही. बांधणाऱ्यानं पहिल्या रिव्हेटपासून तारखेसह वही ठेवावी, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढावा, आणि पत्रा बंद होण्याआधी जाणत्या माणसाकडून आतलं काम तपासून घ्यावं. डीजीसीएशी बोलणंही विमान झाल्यावर नाही, किट मागवण्यापूर्वी सुरू करावं.

आणि पूर्ण किट एकदम मागवू नये. व्हॅन्ससारख्या कंपन्या आधी फक्त शेपटी विकतात. त्यातच पत्रा, रिव्हेट, प्रायमर, वही असं सगळं काम थोडक्यात येतं. सहा महिन्यांत शेपटी नीट उभी राहिली तर पंख मागवावेत. नाही राहिली, तर तेवढ्याच पैशांत कळलं.