एकच दोरा, तीन छटा

गोधडी आपल्याकडे घरोघरी शिवतात. नक्षी उठून दिसावी म्हणून आपण चार रंगांचे दोरे आणतो. पण एकाच दोऱ्यातही गडद-फिकं साधतं. कसं, ते आज आम्ही हिंगणीच्या गटातल्या बाया सांगतो.

पांढऱ्या कापडावर सारखे तीन चौकोन आखा. काळ्या दोऱ्याने धावदोरा घाला. पहिल्या चौकोनात ओळी बोटभर अंतरावर, दुसऱ्यात अर्ध्या बोटावर, तिसऱ्यात अगदी लगत. दहा पावलं मागे जाऊन पाहा. पहिला फिका, तिसरा गडद दिसेल. दोरा तोच, फरक मधल्या उघड्या कापडाचा.

छपाईतही तसंच. भेंडी आडवी कापा, पुसून कोरडी करा, रंगात टेकवा. पुन्हा रंग न घेता तीनदा उठवा. ठसा फिका होत जातो. ठसे एकाखाली एक आले तर चौकटी दिसतात. दुसरी रांग अर्ध्या ठशाने सरकवली तर विटांच्या भिंतीसारखी नक्षी होते. बटाट्यावर अक्षर कोरायचं तर उलटं कोरा, म्हणजे कापडावर सुलटं उमटेल.

यात पैशाचाही हिशेब आहे. दाट शिवणीला दोरा जास्त, दिवसही जास्त. म्हणून गोधडी विकताना केवळ लांबी-रुंदीवर भाव सांगू नका. तिन्ही चौकोनांना लागलेला वेळ लिहून ठेवा आणि तो नमुना गिऱ्हाइकापुढे ठेवा. मेहनत डोळ्यांना दिसली की भाव मागायला संकोच वाटत नाही.

वर्ध्याला गेलात तर १९३८ साली गांधीजींच्या हस्ते सुरू झालेलं मगन संग्रहालय जरूर पाहा. खादी आणि ग्रामोद्योग तिथे एकत्र पाहायला मिळतात.