घटक ४ : इंग्रजी वाक्प्रचार – अर्थ आणि दैनंदिन उपयोग

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• वाक्प्रचाराचा अर्थ त्यातील शब्दांच्या अर्थाहून वेगळा का असतो, हे सांगता येईल.
• सारख्या दिसणाऱ्या इंग्रजी व मराठी वाक्प्रचारांतील अर्थभेद ओळखता येईल.
• प्रसंगानुरूप इंग्रजी वाक्प्रचारांची निवड व त्यांचे मराठी भाषांतर करता येईल.

४.२ प्रस्तावना

कार्यालयीन पत्रव्यवहार, वृत्तपत्रे, मुलाखती, चित्रपट अशा अनेक मार्गांनी इंग्रजी वाक्प्रचार आपल्यापर्यंत पोहोचतात. प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही वाक्याचा अर्थ लागत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी निदान शब्दकोश उघडला जातो. मात्र अर्थ लागला असे वाटावे आणि तो भलताच असावा, ही स्थिती अधिक अवघड होय. भाषांतर करणाऱ्याची फसगत बहुधा येथेच होते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ शब्दार्थ आणि रूढार्थ

वाक्प्रचारात शब्दाची लक्षणा ही शक्ती कार्य करते आणि ती रूढीने स्थिर झालेली असते. 'गाशा गुंडाळणे' याऐवजी 'बिछाना गुंडाळणे' म्हटले, तर रूढार्थ नाहीसा होतो. इंग्रजीतही हाच नियम आहे. 'कॉल इट अ डे' म्हणजे आजच्यापुरते काम थांबवणे. 'अंडर द वेदर' म्हणजे प्रकृती किंचित बरी नसणे. 'ब्रेक द आइस' म्हणजे अनोळखी माणसांमधील अवघडलेपण दूर करणे. यांतील दिवस, हवामान वा बर्फ या शब्दांवरून अर्थ काढू गेल्यास तो हाती लागत नाही.

४.३.२ प्रतिमा एक, अर्थ भिन्न

'हात धुणे' ही साधी कृती पाहा. इंग्रजीत 'वॉश वन्स हँड्स ऑफ' याचा अर्थ जबाबदारी नाकारणे असा आहे. बायबलमधील मत्तयकृत शुभवर्तमानात सुभेदार पिलात लोकसमुदायासमोर हात धुऊन येशूच्या मृत्यूचा दोष स्वतःकडे घेत नाही. त्या प्रसंगाशी हा वाक्प्रचार जोडलेला आहे. मराठीत मात्र 'हात धुऊन मागे लागणे' म्हणजे चिकाटीने पिच्छा पुरवणे, तर 'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणे' म्हणजे आयती संधी साधणे. 'आय वॉश माय हँड्स ऑफ धिस मॅटर' या वाक्याचे भाषांतर 'या प्रकरणातून मी हात झटकले' असे होईल. येथे 'हात धुऊन मागे लागलो' असे लिहिल्यास अंग काढून घेणारा मनुष्य पाठपुरावा करणारा ठरेल. तक्रारीच्या वा चौकशीच्या कागदपत्रांत असा विपर्यास गंभीर ठरतो.

'पुल समवन्स लेग' हेही असेच उदाहरण आहे. मराठीतील 'पाय ओढणे' यात दुसऱ्याच्या प्रगतीत अडथळा आणण्याचा मत्सरी भाव आहे. इंग्रजी वाक्प्रचारात केवळ थट्टा आहे. त्याला मराठीत 'फिरकी घेणे' हा प्रतिशब्द शोभतो.

४.३.३ प्रसंग आणि औचित्य

अर्थ अचूक असूनही उपयोग चुकू शकतो. 'किक द बकेट' म्हणजे मरणे. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्राम्य बोलीच्या कोशात त्याची नोंद आहे आणि आजही त्याचा सूर थट्टेचाच आहे. शोकसंदेशात तो वापरल्यास सांत्वनाऐवजी दुःखच पदरी पडेल. तेथे 'पास अवे' हेच योग्य. त्याचप्रमाणे गंभीर आजाराविषयी 'अंडर द वेदर' म्हणणे विसंगत होय. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' हा पाठ्यपुस्तकांतून परिचित असलेला वाक्प्रचार आज जुनाट वाटतो. मुसळधार पावसाला नेहमीच्या बोलण्यात 'इट्स पोअरिंग' म्हणतात. म्हणून वाक्प्रचार कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी उद्देशून वापरतो, हे अर्थाबरोबरच टिपून ठेवावे.

४.३.४ भाषांतराचे तीन मार्ग

(अ) समानार्थी वाक्प्रचार : 'पीस ऑफ केक' म्हणजे 'हातचा मळ'. 'टर्न अ ब्लाइंड आय' याच्याशी १८०१ मधील कोपनहेगनच्या लढाईत नेल्सनने अंध डोळ्याला दुर्बीण लावल्याची कथा निगडित आहे. मराठीत त्यासाठी 'काणाडोळा करणे' हा नेमका पर्याय सिद्धच आहे.
(आ) सरळ अर्थ : समर्पक वाक्प्रचार नसल्यास 'आजचे काम येथेच थांबवू' असे सुबोध मराठी लिहावे.
(इ) प्रतिमेचा स्वीकार : सरकारी कागदांभोवतीच्या 'रेड टेप'वरून 'लालफीत' आणि 'क्रोकोडाइल टिअर्स'वरून 'नक्राश्रू' हे शब्द मराठीत रुळले. समाजाने स्वीकारलेल्या प्रतिमेपुरताच हा मार्ग सुरक्षित असतो.

४.४ सारांश

वाक्प्रचाराचा अर्थ शब्दांच्या बेरजेतून मिळत नाही; तो त्या भाषेच्या रूढीत असतो. प्रतिमा ओळखीची वाटली, की अधिक सावध व्हावे. अर्थ, सूर आणि प्रसंग या तिन्हींची खात्री झाल्यावरच वाक्प्रचार वापरावा. खात्री नसल्यास साधे वाक्य लिहिणे केव्हाही इष्ट.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'पाय ओढणे' आणि 'पुल समवन्स लेग' यांतील भेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. शोकसंदेशात 'किक द बकेट' का वापरू नये?
३. आपल्या वाचनात आलेले तीन इंग्रजी वाक्प्रचार निवडा व वरीलपैकी कोणत्या मार्गाने त्यांचे भाषांतर कराल, ते सकारण लिहा.