किनारा वाचताना – लेखांक ६ : वाळूचं जाणं-येणं

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला राहून कोकणात जायचं, तर बेत शाळेच्या सुट्टीवर ठरतो. सलग सहा आठवडे मिळतात ते जुलै-ऑगस्टमध्येच, म्हणून तिकिटंही तेव्हाचीच काढली जातात. मग भोगव्याला पोचल्यावर पोरं विचारतात, फोटोतला किनारा गेला कुठे? समोर गढूळ पाणी असतं, अरुंद, उताराची वाळू आणि मधूनच उघडे पडलेले काळे खडक.

किनारा कुणी नेलेला नसतो. पावसाळ्यातल्या उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात आणि काही अंतरावर पाण्याखाली तिचा लांबट बांध घालतात. पुढच्या लाटा त्या बांधावर फुटतात, त्यामुळे किनाऱ्यावरचा मार कमी होतो. ऑक्टोबरनंतर समुद्र निवळला की संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. निवती, भोगवे, खवणे इथल्या पुळणी खडकाळ डोंगरसोंडांच्या मध्ये सापडलेल्या. वाळू बाजूला फार लांब पळू शकत नाही, म्हणून तिचं परत येणं बरंचसं हमखास.

पोहणाऱ्याचा घात होतो तोही याच बांधापाशी. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी बांधातली खिंड शोधतं आणि तिथून जोरात समुद्राकडे पळतं. वरून बघाल तर नेमक्या त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी शांत वाटतं, आणि नवखा माणूस तिथेच उतरतो. त्या ओढीत सापडलंच, तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहून आधी तिच्यातून बाजूला व्हावं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मदतीला होडी येईल या भरवशावर तर मुळीच राहू नये.

आता आमच्या इकडचं. उइटहॉर्नच्या आसपासचे पोल्डर, म्हणजे बांध घालून पाण्यापासून राखलेल्या जमिनी, समुद्रसपाटीच्याही खाली. वाळू गेली तर गेली, असं म्हणण्याची सोयच नाही. किनारारेषा मागे हटू द्यायची नाही, असं धोरण नेदरलँड्सने 1990 मध्ये ठरवलं. तेव्हापासून जहाजं समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्याला पुरवतात, आणि हे प्रमाण या शतकात वर्षाला सुमारे 1.2 कोटी घनमीटरपर्यंत गेलं. 2011 मध्ये तर हेगच्या दक्षिणेला एकाच ठिकाणी 2.15 कोटी घनमीटर वाळू ओतली आणि ती पसरवण्याचं काम वारा-लाटांवर सोपवलं. झांडफोर्टला आपण ज्या ऐसपैस वाळूवर चादर अंथरतो, तिच्यामागे हा सगळा खटाटोप आहे. त्यापुढे भोगव्याची पुळण मला श्रीमंत वाटते. तिला वाळू विकत घ्यावी लागत नाही, फक्त मागे-पुढे सरकायला जागा लागते.

ती जागाच आपण खातो. पुळणीच्या माथ्यावर मर्यादवेल पसरलेली असते. आपट्यासारखी दुभंगलेली पानं, जांभळट फुलं. तिच्या दोरासारख्या फांद्या पेऱ्यापेऱ्याला मूळ धरतात, वाऱ्याने उडणारी वाळू अडवतात आणि तिची टेकाडं बनवतात. उधाणाच्या वेळी ही टेकाडं म्हणजे किनाऱ्याची शिल्लक. डच लोक याच कामासाठी आपल्या टेकड्यांवर गवताची लागवड करतात. आपल्याकडे ‘बीच साफ करा’ म्हणत पहिला घाव मर्यादवेलीवर पडतो, मग खुर्च्या येतात, मग कुंपणाची भिंत. भिंतीवर आपटून मागे फिरणारी लाट पायथ्याची वाळू घेऊनच जाते. एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर मात्र घरंच धोक्यात आहेत. तिथला माणूस धूपप्रतिबंधक बंधारा मागतो, त्याला मी इथे बसून शहाणपण शिकवणार नाही.

ही मोकळी जागा कासवांनाही हवी असते. ऑलिव्ह रिडलेची मादी भरतीरेषेच्या वर दीडेक फूट खड्डा खणून शंभराच्या आगेमागे अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लांचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं, उबदार वाळूत माद्या जास्त. म्हणूनच पुळणीच्या अगदी पुढेपर्यंत सुरूची झाडं लावण्याचा उत्साह मला खटकतो. ती सावली इथल्या वाळूच्या सवयीची नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली. अंडी कुंपणात हलवतात, पिल्लं निघायच्या सुमारास वर टोपल्या पालथ्या घालतात आणि सकाळ-संध्याकाळ त्या उचलून बघतात. पर्यटक मुक्कामाला असतात ते गावातल्याच घरांत, आणि किनारा रिकामा राहतो.

तेव्हा सुट्टीचं सांगायचं तर नाताळचे दोन आठवडे उत्तम. पुळण भरलेली, समुद्र शांत. कासवाची पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारीची आठवडाभराची सुट्टी किंवा एप्रिलअखेरची, पण आधी गावात फोन करून घरट्यांची चौकशी करा. जुलै-ऑगस्टशिवाय गत्यंतर नसेल, तर वेंगुर्ल्याला जा आणि सतराव्या शतकातल्या डच वखारीची पडझड पाहा. गोव्यातल्या पोर्तुगिजांची कोंडी करणाऱ्या डच जहाजांना ती आधाराला होती. पुढच्या लेखांकात तिथून खाली शिरोड्याकडे, मिठागरांवर.