प्रजासत्ताक आणि ब्रेतॉन भाषा

प्रादेशिक भाषांना शाळेत मानाचे स्थान मिळावे म्हणून फ्रान्सच्या संसदेने एप्रिल २०२१ मध्ये मोठ्या बहुमताने एक कायदा संमत केला. दीड महिना लोटतो न लोटतो तोच, २१ मे रोजी, तेथील घटना परिषदेने त्यातील कळीचे कलम रद्दबातल ठरविले. सर्व विषय प्रादेशिक भाषेतून शिकविणे घटनेच्या दुसऱ्या कलमाशी विसंगत आहे, असा हा निवाडा. प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच होय, हे वाक्य त्या कलमात १९९२ साली घालण्यात आले होते. या निवाड्याचा घाव ज्यांच्या वर्मी बसला, त्यांत ब्रिटनीचे ब्रेतॉन लोक अग्रभागी होते.

फ्रान्सच्या वायव्येस अटलांटिक महासागरात घुसलेले द्वीपकल्प म्हणजे ब्रिटनी. किनाऱ्याचा भाग तो ‘आर्वोर’ आणि आतला रानमुलूख तो ‘आर्गोआत’. खलाटी आणि वलाटी हा भेद ज्यांच्या अंगवळणी पडला आहे, त्या आमच्या वाचकांस ही विभागणी समजावून सांगण्याचे कारण नाही. भरती-ओहोटीचा जोर तेथे इतका विलक्षण की, रांस नदीच्या मुखावर १९६६ पासून त्या पाण्यावर वीज निर्माण होत आहे. कुट्टूच्या पिठाचे घावन हे गरिबाचे अन्न; संतांच्या जत्रा गावोगाव. लोरियाँ या बंदराच्या नावाचा अर्थच ‘पूर्व’ असा आहे. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात ते वसविले आणि हिंदुस्थानचे मिरे व सुती कापड पुढे तेथेच उतरू लागले.

पाचव्या-सहाव्या शतकांत ब्रिटनमधून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी ही भाषा सोबत आणली. वेल्शची ती बहीण. लॅटिनच्या कुळाशी तिचे नाते नाही. सन ८४५ मध्ये नोमिनोए याने फ्रँकांच्या राजाचा पराभव केला. पुढे अ‍ॅन या राणीने फ्रान्सच्या दोन राजांशी एकामागून एक विवाह केले, आणि १५३२ मध्ये ही डची फ्रान्सला जोडण्यात आली. तरीही स्वतःचे न्यायपीठ व करांतील सवलती क्रांतीपर्यंत टिकल्या.

नवल याचेच वाटते की, राजांनी जे केले नाही ते प्रजासत्ताकाने केले. गोव्यात व्हाइसरॉयने १६८४ साली लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. तो परका सत्ताधीशच होता. पण स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा जयघोष करणाऱ्या क्रांतिसभेत १७९४ साली बारेर याने ब्रेतॉन भाषेवर अंधश्रद्धेचा व फुटीरपणाचा शिक्का मारावा, यास काय म्हणावे? पुढे शाळांचे युग आले. ब्रेतॉन शब्द तोंडून निघालेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी जोडा अडकवीत. त्याची सुटका एकाच मार्गाने होई : दुसऱ्या एखाद्या मुलास तोच ‘गुन्हा’ करताना पकडून द्यावयाचे. दिवसाअखेर ज्याच्या गळ्यात जोडा उरे, त्यास शिक्षा. मुलाला मारणे एक वेळ समजू शकते. त्याला हेर बनविणे ही मात्र अधिक हीन गोष्ट, असे आम्हांस वाटते.

प्रदेशाचाही लचका तोडला गेला. डचीच्या राजांचा किल्ला नांत शहरात आहे. ते नांत व गेरांदची प्रसिद्ध मिठागरे ब्रिटनीपासून अलग करणारा आदेश १९४१ साली पेतँच्या सरकारने काढला. ते सरकार गेले, युद्ध संपले. पण पुढच्या लोकशाही सरकारांनी प्रदेशांची आखणी केली तेव्हाही नांत बाहेरच राहिले. हे वाचून बेळगावच्या वाचकांच्या मनात काय येईल, हे आम्ही जाणून आहोत.

शाळेतील जोड्यापेक्षाही घातक ठरला तो घरातला मौनाचा निर्धार. दुसऱ्या महायुद्धानंतर आईबापांनीच, पोरांचे भले व्हावे म्हणून, त्यांच्याशी फ्रेंच बोलण्यास आरंभ केला. १९५० च्या सुमारास दहा लाखांच्या घरात असलेले भाषक २०१८ मध्ये सुमारे दोन लाख उरले, आणि २०२४ च्या पाहणीत ही संख्या एक लाख सात हजारांवर आली. गेले ते बहुतेक म्हातारे. त्यांची जागा घेणारे थोडे.

१९७७ साली काही पालकांनी मूठभर मुले घेऊन ‘दिवान’ नावाची शाळा काढली. दिवान म्हणजे अंकुर. आज या शाळांत सुमारे चार हजार मुले ब्रेतॉनमधून शिकतात, आणि २०२१ च्या निवाड्यानंतरही त्या चालू आहेत. मात्र मुलांची भाषा पुस्तकातून आलेली, प्रमाण व नीटस. खेड्यातल्या आजीची तिच्या गावच्या हेलाची, अधूनमधून फ्रेंच शब्द पेरलेली. नातवाशी ब्रेतॉनमध्ये बोलू लागलेली आजी पुष्कळदा मध्येच अडते आणि फ्रेंचवर येते.