विश्लेषण : गेममधील एक चित्र १६ मिलिसेकंदांत कसे तयार होते? पुण्याच्या दोन गेमनी काय शिकवले?

सिहोरा (जि. भंडारा) : तुमसर तालुक्यातील सिहोऱ्यात साध्या फोनवर गेम खेळणारा विद्यार्थी आणि पुण्यातील स्टुडिओत महागड्या ग्राफिक्स कार्डसमोर बसलेला अभियंता, या दोघांची अडचण एकच आहे. ती म्हणजे वेळ. खेळणाऱ्याला चित्र अडखळायला नको असते. बनवणाऱ्याला तेच चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढून द्यायचे असते. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.६ मिलिसेकंद येतात.

चांगले ग्राफिक्स म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे ग्राफिक्स, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुण्याशी नाते असलेल्या दोन गेमचा अनुभव मात्र वेगळे सांगतो. एक गेम छोट्या चमूने पैशांची चणचण सोसत बनवला आणि तो जगभर पोहोचला. दुसरा जगातील एका मोठ्या कंपनीचा होता, पण तो पुण्यातून बाहेर गेला. असे का झाले, हे समजण्यासाठी आधी चित्र कसे तयार होते ते पाहावे लागेल.

फोनमध्ये नेमके काय घडते?

गेममधील झाड, गाडी, माणूस हे सारे त्रिकोणांचे बनलेले असते. प्रत्येक त्रिकोणाच्या तीन टोकांचे स्थान आकड्यांत साठवलेले असते. खेळाडूने बोट फिरवले की कॅमेरा वळतो आणि प्रत्येक टोक पडद्यावर आता कुठे येईल, याचे गणित पुन्हा करावे लागते. त्यानंतर त्रिकोणाने पडद्यावरचे कोणते ठिपके, म्हणजे पिक्सेल, व्यापले ते ठरते. शेवटी प्रत्येक पिक्सेलला रंग दिला जातो.

आकडा पाहा. १०८० बाय २४०० पिक्सेलच्या पडद्यावर सुमारे २६ लाख पिक्सेल असतात. सेकंदाला ६० चित्रे म्हटली तर दर सेकंदाला साडेपंधरा कोटी पिक्सेल रंगवायचे. एक चित्रकार ओळीने हे काम करू लागला तर ते कधीच संपणार नाही. म्हणून हजारो मजूर एकाच वेळी शेतात उतरवावेत, तशी छोटी छोटी गणिते एकाच वेळी करणारी चिप लागते. तिलाच जीपीयू म्हणतात. एनव्हिडियाने १९९९ मध्ये ‘जीफोर्स २५६’ बाजारात आणताना हा शब्द रूढ केला. याच कंपनीचे अभियंते आज पुण्यातही काम करतात.

रंग ठरतो कसा?

सर्वांत जास्त मेहनत प्रकाशाच्या गणिताला लागते. सकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा जमीन कमी तापते, दुपारी डोक्यावर आले की चटके बसतात. गेममधील प्रकाशही याच नियमाने चालतो. प्रकाशाची दिशा हा एक सदिश, पृष्ठभागावर उभी काटकोनातील रेषा हा दुसरा सदिश. दोघांचा बिंदू गुणाकार केला की त्या जागेवर किती उजेड पडेल ते कळते. प्रकाश थेट समोरून आला तर उत्तर १, अगदी कडेने गेला तर शून्य. बारावीच्या गणितातील सदिशांचे प्रकरण इथे दर चित्रात लाखो वेळा वापरले जाते.

मात्र हे झाले थेट उजेडाचे. भिंतीवर आदळून जमिनीवर पडणारा उजेड, पाण्यातील प्रतिबिंब, मऊ सावल्या हे सारे मोजू लागले तर १६ मिलिसेकंद कुठच्या कुठे उडून जातात. मग काय मोजायचे आणि काय सोडायचे, हे ठरवावे लागते. नामवंत गेम डेव्हलपरांची कारकीर्द पाहिली तर त्यांचे नाव बहुतेकदा या ‘सोडण्या’मुळेच झालेले दिसते.

काय सोडायचे, हे कोणी शिकवले?

अमेरिकेचा जॉन कार्मॅक दोन सत्रांत विद्यापीठ सोडून बाहेर पडला. १९९० च्या सुमारास साध्या पीसीवर पळते चित्र सरकताना अडखळत असे. कार्मॅकने पूर्ण चित्र पुन्हा काढणेच थांबवले. आधीच्या चित्रापेक्षा जेवढे तुकडे बदलले, तेवढेच नव्याने काढायचे. ‘कमांडर कीन’ हा गेम त्यातून उभा राहिला. १९९३ च्या ‘डूम’मध्ये त्याने १९८० मधील एका शोधनिबंधातील पद्धत वापरली. जागेचे आधीच भाग पाडून ठेवायचे, म्हणजे जवळची भिंत कोणती आणि तिच्यामागे दडलेली कोणती हे झटकन कळते. जे दिसणारच नाही ते काढायचे नाही. पुढे तो आभासी वास्तवाच्या क्षेत्रात ऑक्युलस कंपनीचा तंत्रप्रमुख झाला आणि २०२२ च्या अखेरीस मेटामधून बाहेर पडला.

दुसरे उदाहरण जॉर्डन मेकनरचे. त्याने धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून व्हिडीओ काढला आणि त्यावरून एकेक हालचाल गिरवली. १९८९ मध्ये आलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तील राजपुत्र म्हणूनच माणसासारखा धावतो. पण या हालचालींनी ॲपल टू संगणकाची मेमरी इतकी खाल्ली की शत्रूच्या चित्रांसाठी जागा उरली नाही. गेममध्ये लढाई हवी, असा सहकाऱ्यांचा आग्रह होता. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रे थोडी सरकवून एकमेकांवर चढवली. त्यातून चमचमती काळी आकृती तयार झाली आणि राजपुत्राची सावलीच त्याची वैरी बनली. जागेच्या टंचाईतून जन्मलेले हे पात्र आजही त्या गेमची ओळख आहे.

पुण्याच्या ‘राजी’ने काय केले?

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आला. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड ही त्यामागची प्रमुख नावे. असुरांनी पळवून नेलेल्या भावाला शोधणारी, सर्कशीत कसरती करणारी मुलगी ही त्याची नायिका. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा प्रयत्न फसला. घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवले. अनरिअल इंजिन बनवणाऱ्या एपिक कंपनीचे अनुदानही त्यांना मिळाले.

हा गेम सर्वप्रथम, ऑगस्ट २०२० मध्ये, निन्टेन्डो स्विचवर आला. स्विच हातात धरता येणारे यंत्र आहे. त्यात एनव्हिडियाची मोबाइल जातीची चिप आणि ४ जीबी मेमरी असते. म्हणजे ताकदीच्या बाबतीत ते महागड्या पीसीपेक्षा फोनला जवळचे. अशा यंत्रावर खरीखुरी त्वचा, केसन्केस दाखवण्याच्या नादी लागणे परवडले नसते.

‘राजी’ने वेगळी वाट धरली. राजस्थानी किल्ले-हवेल्यांची रचना, पहाडी चित्रशैलीचे रंग आणि कथेसाठी छायाबाहुल्या. छायाबाहुलीला चेहऱ्यावरचे हावभाव लागत नाहीत, त्यामुळे प्रत्येक प्रसंगासाठी चेहऱ्याचे महागडे ॲनिमेशन करावे लागत नाही. कॅमेराही बराच वेळ दूरवर, ठरावीक कोनात असतो. असा कॅमेरा असला की खेळाडूला काय दिसणार हे आधी माहीत असते. जी बाजू दिसणार नाही तिच्यावर वेळ घालवावा लागत नाही. गेममधील लढायांवर टीकाही झाली, पण त्याच्या देखणेपणाचे कौतुक झाले. २०२० च्या ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पण विभागात त्याला नामांकन मिळाले.

मग ‘प्रिन्स’चे काय बिनसले?

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या युबीसॉफ्टने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गेमचा नवा अवतार जाहीर केला. मेकनरच्याच राजपुत्राची ही पुढची पिढी. काम सोपवले होते पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे. एवढ्या नावाजलेल्या गेमच्या पुनर्निर्मितीचे नेतृत्व भारतीय चमूकडे येणे ही मोठी गोष्ट होती.

पण पहिला ट्रेलर येताच चेहरे आणि प्रकाशावर टीकेची झोड उठली. चित्र जुनाट दिसते, असा सूर होता. हा लूक जाणीवपूर्वक निवडला असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. तारीख आधी जानेवारी २०२१ होती, ती मार्चवर गेली, नंतर बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम कॅनडातील मॉन्ट्रियल स्टुडिओकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने हा गेमच रद्द केला.

याचा अर्थ पुण्या-मुंबईचे अभियंते कमी पडले असा काढणे घाईचे ठरेल, कारण मॉन्ट्रियललाही तो पूर्ण करता आला नाही. फरक तुलनेचा आहे. ‘राजी’ची तुलना कोणाशी करणार? तिच्यासारखे दुसरे काही नव्हते. ‘प्रिन्स’ मात्र खऱ्यासारखे चेहरे दाखवू पाहत होता, त्यामुळे शेकडो माणसे आणि अवाढव्य खर्च लावून बनलेल्या प्रत्येक गेमशी त्याची तुलना होणार हे उघड होते. खऱ्याची नक्कल करायची तर उणीव लगेच दिसते. शैली निवडली तर मर्यादाच शोभून दिसते.

नव्या तंत्रामुळे ही मर्यादा संपेल का?

२०१८ मध्ये एनव्हिडियाच्या आरटीएक्स कार्डांनी ‘रे ट्रेसिंग’ घरोघरी आणले. यात प्रकाशाचा किरण कुठून निघाला आणि कुठे आदळला, याचा खरोखर माग काढला जातो. पण ते इतके खर्चिक आहे की प्रत्येक पिक्सेलमागे मोजकेच किरण सोडतात आणि उरलेली खरखर गाळून टाकतात. ‘डीएलएसएस’ या तंत्रात चित्र लहान आकारात काढून कृत्रिम बुद्धिमत्तेने मोठे केले जाते. म्हणजे इथेही काढायचे कमी आणि भरून घ्यायचे जास्त. फोनवर तर आणखी एक अडचण असते, उष्णतेची. अर्धा तास खेळल्यावर फोन तापतो, चिप स्वतःचा वेग कमी करते आणि गेम अडखळू लागतो. त्या वेळी सेटिंगमध्ये सावल्या बंद केल्या किंवा फ्रेम रेट ३० वर आणला की फरक पडतो. ३० वर प्रत्येक चित्राला ३३ मिलिसेकंद, म्हणजे दुप्पट वेळ मिळतो.

सिहोऱ्यातील विद्यार्थ्याने सुरुवात कुठून करावी?

आधी एक गल्लत दूर करायला हवी. पैसे लावून खेळायच्या ॲपनाही ‘गेमिंग’च म्हटले जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने अशा खेळांवर बंदी घातली. गेम बनवणे हा वेगळा व्यवसाय आहे आणि त्यावर बंदी नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग क्षेत्रासाठी धोरण मंजूर केले. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्थाही उभी राहिली आहे.

कामे अनेक प्रकारची आहेत. ग्राफिक्स प्रोग्रामरला सी प्लस प्लस आणि गणित लागते. टेक्निकल आर्टिस्टला चित्रकला आणि कोड या दोन्हींची जाण हवी. मॉडेलिंग, ॲनिमेशन, आवाज, तपासणी हे वेगळे विभाग. नोकरी मात्र हमखास नाही. जगभरातील स्टुडिओंनी २०२३ पासून मोठी कपात केली आहे. म्हणून लाखोंची फी भरण्याआधी हात चालवून पाहणे शहाणपणाचे.

त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही. ब्लेंडर आणि गोडो ही दोन्ही साधने मोफत आहेत. गोडोचा एडिटर अँड्रॉइड फोनवरही चालतो. अनरिअल इंजिनही शिकण्यासाठी मोफत असून गेमची कमाई दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्यावर ५ टक्के वाटा द्यावा लागतो. बारावी विज्ञानाच्या पुस्तकातील मॅट्रिक्स आणि सदिश ही दोन प्रकरणे परीक्षेपुरती न वाचता एखादा त्रिकोण फिरवून, त्यावर उजेड पाडून पाहिली तर पायाभूत काम तिथेच होते.

कंपन्या मुलाखतीत पदवीबरोबर केलेले कामही पाहतात. एक खोली, एक दिवा, एक चालते पात्र आणि साध्या फोनवर न अडखळणारी ६० चित्रे, एवढा छोटा नमुना पूर्ण असेल तर तो अर्धवट सोडलेल्या भल्यामोठ्या गेमपेक्षा जास्त बोलतो. साधा फोन ही इथे कमतरता नाही. भारतातील बहुतेक खेळाडूंच्या हातात तसाच फोन आहे आणि गेम चालायला हवा तो त्यावरच.